चिपाड ते साचा: फरफ्युराल प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

विषय पक्का झाला. उसाच्या चिपाडापासून फरफ्युराल हे तेलासारखं रसायन काढायचं, शुद्ध करायचं आणि त्यापासून पुढचा निदान एक पदार्थ करून दाखवायचा. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी प्रस्ताव वाचला, पहिल्याच ओळीतल्या ‘टाकाऊ’ या शब्दाभोवती गोल काढला आणि विचारलं, “तुमचं घरचं गुऱ्हाळ आहे ना? मग चिपाड टाकून देता का तुम्ही?” नाही देत. चरकातून निघालेलं चिपाड समोरच्या पटांगणात वाळतं आणि दोन-तीन दिवसांनी चुलवाणात जातं. काहील त्याच्यावरच तापते. शब्द खोडला. त्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही, जागा मोकळी ठेवली आहे.

५ डिसेंबर

आज दिवसभर वाचन.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर फॉर्मिक आम्ल तयार करत होता, तेव्हा त्याला फरफ्युरालचं तेल अगदी थोडं, न मागता मिळालं. त्यानं ते १८३२ मध्ये प्रसिद्ध केलं. १८४० मध्ये स्कॉटलंडच्या जॉन स्टेनहाउसनं दाखवलं की मका, ओट, कोंडा, लाकडाचा भुसा, असं काहीही सौम्य सल्फ्युरिक आम्लाबरोबर उकळून ऊर्ध्वपातन केलं तरी हेच तेल निघतं. त्याचं सूत्रही त्यानंच ठरवलं: पाच कार्बन, चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. नाव १८४५ मध्ये फाउन्सनं दिलं. लॅटिनमध्ये ‘फुरफुर’ म्हणजे कोंडा. म्हणजे कोंड्याचं तेल. एवढं साधं, घरगुती नाव असलेला पदार्थ आमच्या अभ्यासक्रमात अर्ध्या पानात उरकला आहे याचं मला वाईट वाटतं.

गुणधर्म वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले: रेणुभार ९६, उत्कलनबिंदू १६१.७ अंश, घनता १.१६, म्हणजे पाण्याखाली बसणार. २० अंशाला १०० मिली पाण्यात ८.३ ग्रॅम विरघळतं. पाण्याबरोबर ॲझिओट्रोप, म्हणजे ठरावीक प्रमाणात एकत्रच उकळणारं मिश्रण, होतो, तो ९८ अंशांच्या जरा खालीच उकळतो आणि त्यात वजनानं ३५ टक्के फरफ्युराल असतं. माझ्या सगळ्या कामाचा भार या शेवटच्या आकड्यावर आहे. स्वतः १६२ ला उकळणारा पदार्थ पाण्याच्या वाफेचं बोट धरून शंभराच्या आत बाहेर येतो.

विषारी आहे. कातडीतूनही आत शिरतो. हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट) यांच्याशिवाय बाटली उघडायची नाही, असं मॅडमनी सही करून घेतलं.

९ डिसेंबर

शनिवारी गावी जाऊन चिपाड आणलं. आबांना पोतंभर मागितलं तर म्हणाले, “पोतंभर कशाला? चिपाड न्हाई तर काहील कशावर तापवायची, पोरी?” शेवटी अर्धं पोतं मिळालं.

ओलं १०० ग्रॅम चिपाड ६० अंशाच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवल्यावर ४८ ग्रॅम उरलं. गुऱ्हाळाच्या चरकातून निघालेल्या चिपाडात कारखान्यातल्यापेक्षा रस जास्त राहतो, बोटांना चिकट लागतं. ती साखर कामाची नाही. सहा कार्बनी साखरेपासून हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युराल होतं आणि पुढे ते तुटतं, आपल्याला ते नको. म्हणून कात्रीनं बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, गरम पाण्यानं तीनदा धुतले, परत वाळवले.

आपल्याला हवं आहे ते चिपाडाच्या तंतूंतल्या हेमिसेल्युलोजमधलं पेंटोसॅन, म्हणजे पाच कार्बनी साखरेची साखळी. हिशेब सोपा आहे आणि मला फार आवडतो. पेंटोसॅन आम्लात तुटून झायलोज ही साखर होते. झायलोजचा रेणुभार १५०. त्यातून पाण्याचे तीन रेणू, म्हणजे ५४, गेले की उरतात बरोबर ९६. पाच कार्बनांपैकी एकही गळत नाही. साखरेतून फक्त पाणी काढून घ्यायचं आणि मागे चार कार्बन, एक ऑक्सिजन यांचं कडं राहतं, कड्याला लटकलेला एक अल्डिहाइड गट. पेट्रोलियमला हात न लावता तयार मिळणारं कडं.

१२ डिसेंबर

पहिला प्रयोग. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये ८० ग्रॅम कोरडं चिपाड, १० टक्के सल्फ्युरिक आम्ल ६०० मिली. मी आधी तीन तास रिफ्लक्स केलं (वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्येच पडेल असं उकळलं), म्हणजे सगळं पेंटोसॅन नीट तुटेल, आणि मग ऊर्ध्वपातन. तर्क बरोबर वाटत होता.

दुसऱ्या तासाला द्राव तपकिरी, तिसऱ्या तासाला डांबरासारखा. फ्लास्कच्या बुडाला काळा थर. मिळालेलं फरफ्युराल २.१ ग्रॅम. चिपाडात २५ टक्के पेंटोसॅन धरलं तर पूर्ण रूपांतराला १४.५ ग्रॅम यायला हवं होतं. संध्याकाळी फ्लास्क घासायलाच दीड तास गेला.

१३ डिसेंबर

मॅडमनी एकच प्रश्न विचारला: “तयार झालेलं फरफ्युराल तीन तास कुठं होतं?” त्या आम्लातच होतं. गरम आम्लात ते गप्प बसत नाही. स्वतःशी जुळतं, अर्धवट तुटलेल्या झायलोजशी जुळतं, आणि त्या काळ्या न विरघळणाऱ्या राळेत जातं. म्हणजे मी चिपाडातून ते काढलं आणि तीन तास बसून जाळलं. ते तयार झालं की लगेच वाफेबरोबर बाहेर काढायला हवं. इथं पदार्थ तयार करणं आणि तो वेगळा करणं ही दोन कामं नाहीत, एकच आहे. ही गोष्ट मी पाठ्यपुस्तकातून शिकले नसते.

१७ डिसेंबर

दुसरा प्रयोग. चिपाड, आम्ल तेवढंच, पण आता २४० ग्रॅम मीठ घातलं आणि रिफ्लक्स अजिबात नाही. मिठामुळे द्रावाचा उत्कलनबिंदू वर जातो आणि फरफ्युरालला पाण्यात राहणं नकोसं होतं, ते वाफेत जास्त जातं. थेंब पडतील तेवढंच पाणी वरच्या फनेलमधून फ्लास्कमध्ये.

अकरा वाजून वीस मिनिटांनी कंडेन्सरच्या टोकाला पहिला थेंब आला. पाणी स्वच्छ, पण त्यात धुरकट रेघा. मापपात्राच्या तळाशी एक लहान, जेमतेम पिवळसर गोळा जमला. पुढचा थेंब पडला की पाणी हलायचं आणि तो गोळा पाऱ्यासारखा सरकून परत मध्ये यायचा. तेल वर तरंगतं हे डोळ्यांना इतकं सवयीचं आहे की खाली बसलेलं तेल बघताना दर वेळी क्षणभर थांबायला होतं. वास पुस्तकात बदामाचा लिहिला आहे. हूडच्या काचेबाहेर जेवढा आला तेवढ्यावरून मला तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची आठवण झाली. ते चूकही नसावं, कारण पाव आणि कॉफी भाजताना फरफ्युराल होतंच.

साडेतीन तासांनी ॲनिलीन ॲसिटेटची पट्टी धरली, फरफ्युराल असेल तर ती लाल होते. लाली आली नाही. थांबवलं. वरचा पाण्याचा थर फेकला नाही. त्यात आठ टक्के माल आहे. त्यात मीठ विरघळवून डायक्लोरोमिथेननं दोनदा काढून घेतला.

१८ डिसेंबर

शुद्धीकरण. चिपाडातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लही सोबत येतं, म्हणून सोडियम कार्बोनेटनं लिटमस बदलेपर्यंत धुतलं, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवलं, आणि कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन. साध्या दाबाला १६२ पर्यंत तापवलं तर निम्मं फ्लास्कमध्येच काळं होतं. पाण्याच्या पंपावर साठ अंशांच्या आत-बाहेर शांतपणे आलं.

मिळालेलं वजन ५.८ ग्रॅम. सैद्धांतिकाच्या ४० टक्के. पहिल्या वेळच्या पावणेतीन पट.

२३ डिसेंबर

बाटलीत पाच दिवसांत रंग बदलला. पहिल्या दिवशी पाणी, दुसऱ्या दिवशी फिका चहा, आज पातळ काकवी. हवेतल्या ऑक्सिजननं होतं. उरलेलं नायट्रोजन भरून, रंगीत बाटलीत, फ्रिजमध्ये.

तपासण्या: अपवर्तनांक २७ अंशाला १.५२३. पुस्तकातला १.५२६१ आहे, पण तो २० अंशाचा, तापमानाचा फरक धरला तर जुळतो. आयआर (इन्फ्रारेड) वर्णपटात १६७० च्या आसपास कार्बोनिलची ठळक खूण, कड्याशी संयुग्मित असल्यामुळे साध्या अल्डिहाइडपेक्षा खाली. यूव्हीत (अतिनील प्रकाशात) शोषण २७७ नॅनोमीटरला.

ॲनिलीनची लाल पट्टी मात्र या सगळ्यांपेक्षा जास्त बोलते. त्या लालीत फ्युरानचं कडं उघडतं आणि लांब संयुग्मित साखळी होते. हे लाल क्षार स्टेनहाउसच्याच नावानं ओळखले जातात, चिपाडासारख्या गोष्टी उकळून ज्यानं हे तेल काढलं त्याच्याच.

इलेक्ट्रिकल विभागातला मैत्रिणीचा भाऊ बाटलीवरची चिठ्ठी वाचून म्हणाला की हे नाव त्यांच्याकडंही आहे. ट्रान्स्फॉर्मरच्या आत तांब्याच्या वेटोळ्यांवर कागद गुंडाळलेला असतो. तो कागद वर्षानुवर्षं तापून तुटतो तेव्हा फरफ्युराल तेलात उतरतं. तेलाचा नमुना काढून त्यातलं फरफ्युराल मोजतात आणि आतला कागद किती जीर्ण झाला याचा अंदाज बांधतात. ट्रान्स्फॉर्मर न उघडता. मला हे माहीत नव्हतं.

२ जानेवारी २०२५

तुलनेसाठी मका. दाणे काढून उरलेली कणसं शेजारच्या काकूंकडून आणली, त्यांनी हवी तेवढी न्यायला सांगितलं. इथं ‘टाकाऊ’ हा शब्द कदाचित चालेल, त्यांच्या परड्यात ती ढिगानं कुजत होती.

१५० ग्रॅम कुटलेली कणसं, ५०० मिली आम्ल, २०० ग्रॅम मीठ, पद्धत दुसऱ्या प्रयोगाचीच. १५.८ ग्रॅम. दर शंभर ग्रॅमला चिपाडातून ७.२५, कणसातून १०.५. कणसात पेंटोसॅन जास्त, आणि ती जड असल्यामुळे फ्लास्कमध्ये मावतातही दुप्पट. चिपाड फुगतं, आम्लावर तरंगतं, वरचे तुकडे कोरडेच राहतात. चीनमध्ये हा उद्योग मुख्यतः मक्याच्या कणसांवर का चालतो ते फ्लास्कसमोर उभं राहिल्यावर कळतं. चिपाडावरचा मोठा कारखाना म्हणजे डॉमिनिकन प्रजासत्ताकातला, तिथं साखर कारखान्याशेजारी चिपाड आयतं गोळा झालेलं असतं.

७ जानेवारी

कॅनिझारो अभिक्रिया. फरफ्युरालमध्ये अल्डिहाइडशेजारच्या कार्बनवर सुटा हायड्रोजन नाही, त्यामुळे तीव्र अल्कलीत एक रेणू दुसऱ्याला हायड्रोजन देऊन टाकतो. एकाचं फरफ्युरिल अल्कोहोल होतं, दुसऱ्याचं फ्युरॉइक आम्ल. १० ग्रॅम फरफ्युराल, बर्फात ठेवून, कॉस्टिकचा द्राव थेंब थेंब, तापमान १५ च्या वर जाऊ द्यायचं नाही.

ईथरमध्ये अल्कोहोल ३.१ ग्रॅम, शक्य होतं त्यातलं साठ टक्के. पाण्याच्या थरात हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर फ्युरॉइक आम्लाचे पांढरे स्फटिक, ३.४ ग्रॅम, वितळणबिंदू १३१. कारखान्यात असं करत नाहीत, निम्मा माल आम्लात घालवणं परवडणार नाही. तिथं तांब्याच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन देतात. जगातल्या फरफ्युरालचा निम्म्याहून अधिक भाग असाच अल्कोहोल होतो.

१४ जानेवारी

संक्रांत, घरी. गुऱ्हाळावर गडबड, गुळाला मागणी.

आजीच्या पायांना सूज येते. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी इतके महिने नुसती आणून देत होते. आज पट्टी उलटी करून नाव वाचलं: फ्युरोसेमाइड. नावातच ‘फ्युरो’ आहे. फरफ्युरालवर अमोनिया आणि हायड्रोजन घातला की फरफ्युरिल अमाइन होतं, तेच या औषधाच्या रेणूला जोडतात. पाच जणांचं ते कडं जसंच्या तसं गोळीत आहे. आजीला पाटीवर काढून दाखवलं, “हे चिपाडातून निघतं, आणि हे तुझ्या गोळीत.” तिनं नीट बघितलं आणि विचारलं, “मग गोळी एवढी कडू का?” याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

पित्तावरचं रॅनिटिडीन फरफ्युरिल अल्कोहोलपासून, लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन फरफ्युरालच्याच नायट्रो भावंडापासून. नायलॉनसुद्धा: अमेरिकेत १९४९ ते १९६१ या काळात ड्युपॉण्ट कंपनी ओटची टरफलं आणि मक्याची कणसं यांपासून आलेल्या फरफ्युरालमधून नायलॉनचा कच्चा माल बनवत होती. पुढे पेट्रोलियमचा रस्ता स्वस्त पडला. आणि मुळात हा पदार्थ टनावारी मिळू लागला तोच ओटच्या टरफलांमुळे. १९२२ मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्सला क्वेकर ओट्सनं स्वतःच्याच गिरणीतल्या टरफलांवर उत्पादन सुरू केलं.

२१ जानेवारी

मामाबरोबर शिरोलीला, तो जिथं मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, आहे त्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत. या प्रकल्पातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला दिवस.

मिक्सरच्या लांब हातातून वाळू पडत होती. वाळूत आधी हार्डनर मिसळतो, तो सल्फोनिक आम्लाचा द्राव, आणि लगेच पुढे रेझीन. रेझीन म्हणजे मुख्यतः फरफ्युरिल अल्कोहोल. प्रमाण वाळूच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का. लाकडी पॅटर्नभोवती वाळू पडली, मामानं हातानं कोपरे दाबले, वरून पट्टी फिरवली. काही मिनिटांत वाळू काळपट हिरवी पडायला लागली आणि अर्ध्या तासात साचा पॅटर्नवरून उचलला. भट्टी नाही, भाजणं नाही. म्हणूनच त्याला नो-बेक म्हणतात. आम्ल लागलं की अल्कोहोलचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पाणी बाहेर टाकतात.

ते पाणीच अडचण करतं. मामाला रसायन कुणी शिकवलेलं नाही, पण तो म्हणाला, “जुलैत वाळू लवकर धरत न्हाई, हार्डनर वाढवायला लागतो.” पावसाळी हवेत ओल जास्त, अभिक्रियेतून सुटणारं पाणी उडत नाही, साचा सावकाश घट्ट होतो. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो काम थांबवून ऐकत होता.

लोखंड ओतलं की आतली राळ जळते, वाळू सुटी होते, कास्टिंग झटकून निघतं, वाळू परत वापरात. ओतताना गंधकाचा उग्र वास येतो, तो हार्डनरमधल्या सल्फरचा. एसजी आयर्न म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते लोखंड. त्याच्या पृष्ठभागावर तो सल्फर हे गोळे बिघडवतो, म्हणून तिथं जास्त काळजी घेतात. तो वास दिवसभर मामाच्या छातीत जातो हे मला आज प्रत्यक्ष दिसलं. प्रबंधात उपयोगांच्या यादीबरोबर हेही लिहायचं आहे.

२४ जानेवारी

माझा साचा. कोरडी वाळू १०० ग्रॅम, आधी आम्ल, नीट कालवून मग माझं अल्कोहोल २ ग्रॅम. क्रम उलटा करायचा नाही. अल्कोहोलवर थेट तीव्र आम्ल पडलं तर काय होतं ते मॅडमनी काचेआड दोन थेंबांवर दाखवलं: चर्र आवाज, धूर, काळा कोळसा.

मेण लावलेल्या वाटीत दाबून ठेवलं. तासाभरात हिरवट, संध्याकाळपर्यंत काळं, पण बोट लावलं तर खरवडत होतं. सकाळी उलटं केलं तर अखंड निघालं.

मामाला दाखवलं. त्यानं नखानं कड घासली, वाळू झडली. “कडा कच्च्या हाईत. पण मधे धरलंय.” कंपनीच्या रेझीनमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडसारखी भर असते, अल्कोहोल आधी थोडं जुळवलेलं असतं. माझं कोरं होतं. मान्य आहे.

३० जानेवारी

आज जमाखर्च. हे पान मी टाळत होते.

५.८ ग्रॅम फरफ्युरालसाठी फ्लास्कमध्ये ६४ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल राहिलं. ते शमवायला ४८ ग्रॅम चुना, त्याचा जिप्सम ११२ ग्रॅम. वर २४० ग्रॅम मिठाचं पाणी. एक भाग मालाला वीस भाग जिप्सम. गुऱ्हाळवाल्यानं जोडधंदा म्हणून हे करावं असं मी प्रस्तावात लिहिलं होतं. ते वाक्य काढते आहे. ओढ्याला आम्ल आणि मीठ सोडून मिळवलेलं तेल कुणाच्याच कामाचं नाही.

कारखान्यात दाबाखालची वाफ वापरतात, आम्ल खूप कमी लागतं. दक्षिण आफ्रिकेत सेझेलाच्या साखर कारखान्यात चिपाडावर बाहेरचं आम्ल घालतच नाहीत. चिपाडातून सुटणारं ॲसेटिक आम्लच पेंटोसॅन तोडतं. मी जे १८ डिसेंबरला धुऊन टाकलं तेच. म्हणजे हे काम मोठ्या कारखान्याचं आहे, जिथं वाफही आहे आणि चिपाडही. पण आपल्याकडं तिथं चिपाडावर वीज होते आणि ती विकली जाते, तेव्हा फरफ्युरालला त्या विजेशी बरोबरी करावी लागेल.

उरलेला चोथा मोजला. ८० ग्रॅम चिपाडातून आम्ल धुऊन, वाळवून ४७ ग्रॅम. सेल्युलोज आणि लिग्निन. जळणारा भाग बराचसा शिल्लक आहे. फरफ्युरालचे कारखाने हाच चोथा बॉयलरमध्ये घालतात.

८ फेब्रुवारी

प्रस्तावातली मोकळी जागा भरली: ‘जळण म्हणून वापरात असलेल्या उसाच्या चिपाडापासून’. मॅडमनी वाचून पान उलटलं.

दुपारी गावी. दोन्ही प्रयोगांचा चोथा लिटमस बदलेनासा होईपर्यंत धुतलेला, पिशवीत शंभर ग्रॅमच्या आत. आबांच्या हातात दिला. त्यांनी चिमूट बोटांत चोळली, वास घेतला, काळा का म्हणून विचारलं. मग चुलवाणासमोर बसून चिपाडाच्या पेंढीबरोबर आत सारला आणि वाकून बघत राहिले. काहिलीतला रस तेव्हा पिवळ्या फेसाला आला होता.

“जळतंय की,” ते म्हणाले. “तुला पायजे ते काढून घेतलंस न्हवं आधी?”

काढून घेतलं होतं. ४० टक्के.